दिल्लीचं गोल घर

तुमच्या शाळेची सहल कुठं जाते? वेरूळ, रायगड, फार फार तर महाबळेश्वर. आमची जिल्हा परिषदेची शाळा पाथर्डी तालुक्यातली, डोंगराच्या कडेची. आमची सहल मोहटादेवीच्या गडावर जायची, दर्शन घ्यायची, भेळ खायची आणि दिवेलागणीला परत यायची. पण २०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एकदम दिल्लीच गाठली! भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी रात्री नगर स्टेशनवर झेलम एक्सप्रेसमध्ये चढलो. बारा मुलं, आम्ही दोघं गुरुजी, एक बाई आणि फराळाचे अठरा डबे. डबे मोजायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून आकडा पक्का लक्षात आहे.

रात्र झोपेत गेली. सकाळी होशंगाबादजवळ (त्या गावाचं नाव आता नर्मदापुरम आहे) गाडी नर्मदेच्या पुलावर आली आणि खिडकीवरून जे भांडण जुंपलं, ते काही मिटेना. ज्यांना नदी दिसली ते खूश. ज्यांना पुढच्याचं डोकं दिसलं ते रडकुंडीला आलेले. मी म्हटलं, "आपण संसद बघायला निघालोय ना? मग करा की तुम्हीच एक कायदा, खिडकीचा!"

झालं! सगळी पोरं कामाला लागली. पहिला ठराव आला, 'सातवीच्या मुलांनी खिडकीत बसावं, बाकीच्यांनी त्यांना शेंगा सोलून द्याव्यात.' ठराव मांडणारा अर्थातच सातवीतला. त्यावर आरडाओरडा, मग दुरुस्ती, मग पुन्हा दुरुस्ती. शेवटी ठरलं, एकेकानं अर्धा अर्धा तास बसायचं आणि क्रम चिठ्ठ्या टाकून. हात वर करून मतं मोजली. सात बाजूनं, चार विरुद्ध. कायदा मंजूर! चिठ्ठ्या निघाल्या, वाटल्या गेल्या, तेवढ्यात सातवीतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, सात आन् चार अकराच झाले. आपण तर बारा हाईत."

बारावा पाचवीतला बारका गडी वरच्या बाकावर गाढ झोपला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या नावची चिठ्ठीही नव्हती. त्याला उठवून पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. दुपारी चंबळ नदी आली तेव्हा खिडकीत नेमका तोच होता.

ही हिशोब करणारी मुलगी तुम्हाला जरा नीट सांगायला हवी. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. आमच्या भागात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो आणि गावातले निम्मे कोयते संसार बांधून कारखान्याकडं निघतात. येतात ते थेट उन्हाळ्यात. त्यांच्याबरोबर पोरंही जातात. माझ्या हजेरीपटावर दिवाळीनंतर लाल शाईच जास्त असते.

ही पाचवीत असताना आईबापाबरोबर गेली होती. तिकडच्या एका शाळेत वडील तिला घेऊन गेले, तर मुख्याध्यापक म्हणाले, "आधीच्या शाळेचा दाखला आणा." दाखला आमच्या कपाटात, मध्ये दोनशे किलोमीटर. पोरगी आठ दिवस उसाच्या फडात बसून होती. मग वडलांनी मला फोन लावला. मी प्रशिक्षणात मिळालेली एक पुस्तिका शोधली. इतके दिवस ती मी उघडलीही नव्हती, खोटं कशाला बोलू? तीत शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ छापलेलं होतं. दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून कुठल्याही मुलाचा प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. मी ते कलम त्या गुरुजींना फोनवर वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "उद्या पाठवा पोरीला." मी काही रागावलो नव्हतो. फक्त दोन ओळी वाचल्या होत्या.

पुढच्या वर्षापासून ती आजीपाशी गावातच राहू लागली. आणि दिल्लीची सहल ठरली तेव्हा तिनं सगळ्यांत आधी नाव दिलं. म्हणाली, "गुरुजी, ती वळ जिथं लिहिली ती जागा बघायची."

*

आता ती जागा. दिल्लीत उतरलो तेव्हा थंडी पडली होती आणि हवेत धूर साचल्यासारखा दिसत होता. पोरांना वाटलं कुठं तरी पाचट पेटलंय. दुसऱ्या दिवशी मेट्रोनं केंद्रीय सचिवालय स्थानकावर उतरलो आणि चालत निघालो. खासदारांच्या कार्यालयाचं पत्र जवळ होतं. फाटकावर तपासणी झाली. मोबाइल, पिशव्या, कंगवे, एवढंच काय, एकाच्या खिशातली गोटीसुद्धा बाहेर ठेवावी लागली. अधिवेशन चालू नव्हतं, म्हणून आत हिंडून बघायला मिळालं. हे एका दृष्टीनं बरंच झालं, कारण सभागृह भरलेलं असताना शांतपणे काही समजावून सांगता येत नाही.

संसदेची ती इमारत गोल आहे. केवढी गोल? बाहेरून एक फेरी मारायची तर अर्ध्या किलोमीटरहून थोडं जास्त चालावं लागेल. भोवती दगडी खांब आहेत १४४. आमच्या मुलांनी ते मोजायला सुरुवात केली, पण मोजता मोजता पहिला खांब कोणता होता हेच विसरले! एडविन लट्यन्स आणि हर्बर्ट बेकर या दोन इंग्रज वास्तुविशारदांनी तिचा आराखडा केला. पायाभरणी १९२१ मध्ये झाली आणि उद्घाटन १८ जानेवारी १९२७ रोजी. त्या वेळी राज्य इंग्रजांचं होतं आणि आत बसणाऱ्यांना निवडून देण्याचा हक्क अगदी थोड्या लोकांना होता. ज्याच्याकडं मालमत्ता, जो कर भरतो, त्याला मत. आमच्या गावातल्या एखाद्या तरी माणसाला तो असेल का, याची मला शंकाच आहे.

आवारात पुतळे होते. छत्रपती शिवाजी महाराज, डॉ. आंबेडकर, गांधीजी. महात्मा फुल्यांचा पुतळा दिसला तेव्हा मात्र मी मुलांना थांबवलं. का ते पुढं सांगतो.

मध्यभागी घुमटाखाली आहे सेंट्रल हॉल. १९४७ च्या १४ ऑगस्टच्या मध्यरात्री सत्ता आपल्या हाती आली ती इथं. संविधान सभेची पहिली बैठक इथंच ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारलं गेलं तेही इथंच. भिंतींवर मोठमोठ्या नेत्यांची तैलचित्रं आहेत. टिळकांना मुलांनी लांबूनच ओळखलं.

मग लोकसभेच्या सभागृहात वरच्या गॅलरीत जाऊन बसलो. घोड्याच्या नालासारखी मांडणी, खाली हिरवा गालिचा. राज्यसभेत गालिचा लाल. अध्यक्षांच्या आसनावर 'धर्मचक्र-प्रवर्तनाय' अशी अक्षरं. त्या आसनावर लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून १९५२ मध्ये बसले ते दादासाहेब मावळंकर. आडनाव मराठी, आयुष्य अहमदाबादेत गेलेलं. हे ऐकून आमची पोरं उगाचच ताठ बसली.

"गुरुजी, आपला माणूस कुठं बसतो?" एकानं विचारलं.

खरं तर हाच सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न! लोकसभेत ५४३ निवडून आलेले खासदार असतात. महाराष्ट्राचे त्यांतले ४८. आपल्या विधानसभेत आमदार २८८. आता करा भागाकार. २८८ भागिले ४८, बरोबर ६. म्हणजे सहा आमदारांचे मतदारसंघ मिळून एक खासदार. आमचा पाथर्डी-शेवगावचा भाग नगरच्या मतदारसंघात येतो. आपला एक माणूस तिथं, त्या हिरव्या बाकावर. तो तुम्हाला आवडो न आवडो, तुम्ही त्याला मत दिलेलं असो वा नसो, तो तुमचाच. राज्यसभेचं तसं नाही. तिथं आपण थेट मत देत नाही, आपले आमदार महाराष्ट्राचे १९ सदस्य निवडून पाठवतात.

तिथल्या मार्गदर्शकांनी मतदानाची बटणं दाखवली. हिरवं 'होय'चं, लाल 'नाही'चं आणि पिवळं 'मी तटस्थ'चं. एरवी अध्यक्ष विचारतात, बाजूनं कोण, विरुद्ध कोण, आणि आवाजावरून निकाल देतात. कुणी हरकत घेऊन मतमोजणी मागितली, तर घंटा वाजते. साडेतीन मिनिटं वाजत राहते. चहा पीत असलेला, वाचनालयात बसलेला, कुणाशी गप्पा मारत असलेला खासदार तेवढ्यात पळत आत यायचा, कारण मग दारं बंद होतात. आमच्या शाळेची घंटा एवढा वेळ वाजवली तर शिपाईमामांचा हातच दुखेल!

*

आता त्या दोन ओळींची गोष्ट. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात 'विधेयकाचे तीन टप्पे' अशी चौकट असते, ती आपण पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. मीही विसरायचो. म्हणून गॅलरीत बसून मी मुलांना एकाच कायद्याची हकिकत सांगितली, हिच्या कायद्याची.

सुरुवात फुल्यांपासून. १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढं जोतीरावांनी लेखी निवेदन दिलं, की निदान बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सरकारनं ऐकलं नाही.

मग आले गोपाळ कृष्ण गोखले. हे आधी पुण्यात शिक्षक, मग फर्ग्युसनचे प्राध्यापक. आमच्याच जातकुळीतले म्हणा ना! ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे सदस्य होते. दिल्लीचं गोल घर तेव्हा नव्हतंच, हे मंडळ कलकत्त्यात भरायचं. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी तिथं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी किती छोटी होती बघा! सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळेत पाठवणं सक्तीचं करायची परवानगी नगरपालिकांना आणि जिल्हा बोर्डांना द्या, तीही सरकारच्या संमतीनं. मुलींचं नंतर पाहू. एवढंच. वर्षभर त्यावर मतं मागवली आणि १९ मार्च १९१२ रोजी मतदान झालं. बाजूनं १३, विरुद्ध ३८.

"हारले?" पोरांचे चेहरे पडले.

हारले. पैसा नाही, वेळ आलेली नाही, लोकांना नको आहे, अशी कारणं. मंडळात सरकारी अधिकारी भरपूर, जमीनदार भरपूर. ज्यांची पोरं शाळेबाहेर होती त्यांच्यातला तिथं कुणीच नव्हता. गोखले १९१५ मध्ये वारले. (संस्थानांमध्ये मात्र काम झालं. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी आधीच आणि कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ मध्ये शिक्षण सक्तीचं केलं. राजा शहाणा असला की एका हुकुमात होतं. पण प्रत्येक राजा शहाणा निघेल, याची हमी कोण देणार?)

स्वातंत्र्य मिळालं. संविधानाच्या ४५ व्या कलमात लिहिलं गेलं, की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळेल असा राज्यानं प्रयत्न करावा. 'करावा' म्हटलं होतं, 'करायलाच हवा' असं नव्हतं. दहाची पन्नास वर्षं झाली. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. पण हक्क चालायचा कसा, हे सांगणारा कायदा अजून हवा होता.

तो १५ डिसेंबर २००८ रोजी विधेयक म्हणून मांडला गेला. कुठं? राज्यसभेत. इथं एक गंमत आहे, नीट ऐका. २००९ च्या उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक होती. लोकसभा बरखास्त झाली की तिच्यात पडून असलेली विधेयकं मरतात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. राज्यसभा मात्र कधीच बरखास्त होत नाही. तिचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी बदलतात, बाकीचे असतातच. त्यामुळं तिथं मांडलेलं आणि तिथंच विचारात असलेलं विधेयक निवडणुकीतूनही जिवंत राहतं. दोन दोन सभागृहं कशाला, असं पूर्वी मला वाटायचं. त्याचं एक उत्तर या विधेयकानं दिलं.

मांडलं की लगेच मतदान होत नाही. विधेयक स्थायी समितीकडं गेलं. या समितीत दोन्ही सभागृहांतले, वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य असतात. टीव्हीवर आपल्याला सभागृहातला गोंधळ दिसतो, समिती दिसत नाही. पण खरं बारकाईचं काम तिथं चालतं. जाणकारांना बोलावतात, सूचना मागवतात, शब्द न् शब्द तपासतात. समितीचा अहवाल आल्यावर सभागृहात चर्चा, मग एकेका कलमावर मत, मग संपूर्ण विधेयकावर. २० जुलै २००९ ला राज्यसभेनं मंजूर केलं, ४ ऑगस्टला लोकसभेनं. २६ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि विधेयकाचा 'अधिनियम' झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला.

गोखले हारले त्याला तेव्हा ९८ वर्षं झाली होती.

"आन् आमची वळ?" ती मुलगी म्हणाली.

कलम ५ ची ओळ तर तिला पाठच होती. मी तिला कलम ९ सांगितलं. स्थानिक शासनाची कामं त्यात एका खाली एक लिहिलेली आहेत. त्यांतलं एक म्हणजे स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं. म्हणजे तिच्यासारख्या मुलांचा विचार कुणीतरी, कुठल्यातरी टेबलाशी बसून केला होता. तिनं खाली हिरव्या गालिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "पोरांचं लिहिलं. आईबापाचं काय? विधानसभेच्या टायमाला त्ये कारखान्यावर असले तर त्यांचं मत कोण टाकतं?"

मी म्हटलं, "कुणी नाही. मत ज्याचं त्यानं, ज्या गावच्या यादीत नाव आहे तिथंच जाऊन द्यायचं."

"मंग त्ये गाडीतल्या बारक्यावानी झालं," ती म्हणाली. सगळी पोरं हसली. ती नाही हसली.

मला उत्तर सुचलं नाही. दुपारी बंगला साहिब गुरुद्वारात लंगरमध्ये जेवलो, मग ग्रंथालयाच्या इमारतीतलं संसदेचं संग्रहालय पाहिलं, संध्याकाळी इंडिया गेट. मुलांनी पोटभर मजा केली. मी मात्र त्या प्रश्नाभोवतीच फिरत राहिलो.

*

तुम्ही आता दिल्लीला गेलात तर चित्र वेगळं दिसेल. गोल घराशेजारी त्रिकोणी आकाराची नवी संसद उभी आहे. तिचं उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झालं. १९ सप्टेंबर २०२३ पासून कामकाज तिथं सुरू झालं आणि जुन्या इमारतीला 'संविधान सदन' हे नाव मिळालं. नव्या लोकसभेत ८८८ आसनं आहेत, राज्यसभेत ३८४. नव्या घरात पहिल्यांदा मंजूर झालं ते महिला आरक्षणाचं विधेयक, लोकसभेत ४५४ विरुद्ध २, राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. लोकसभेच्या आणि विधानसभांच्या एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी. पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर ते अमलात येईल, असंही त्यातच लिहिलं होतं. विधेयक मंजूर होणं आणि ते आपल्या दारापर्यंत येणं यांत किती वेळ जातो, हे गोखल्यांच्या गोष्टीनंतर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आमची ती मुलगी आता कॉलेजात आहे. २० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्र विधानसभेचं मतदान झालं. तिचं ते पहिलंच. मी निवडणुकीच्या कामावर दुसऱ्याच गावी होतो. संध्याकाळी तिचा फोन आला. "गुरुजी, घरात चार मतं. माझं आन् आजीचं पडलं."

आईवडील पंधरा दिवसांपूर्वीच कारखान्याकडं गेले होते.

"तुमचं?" तिनं विचारलं.

माझं टपालानं गेलं होतं. निवडणुकीच्या कामावर असलेल्यांना टपाली मत देता येतं. सीमेवरच्या सैनिकालाही देता येतं. कुणाकुणाला अशी सोय द्यायची हे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६० मध्ये आहे. तो कायदाही संसदेनंच केलेला, म्हणजे बदलायचा तर संसदेनंच. मी तिला तेवढं सांगितलं.

पुढच्या रविवारी ती घरी आली. हातात फुलस्केप कागद आणि यादी, गावातल्या कोणत्या घरातली किती मतं त्या दिवशी कारखान्यावर होती त्याची. लोकसभेची एक याचिका समिती असते, नागरिकांचे अर्ज तिच्यापुढं जाऊ शकतात. आम्ही मसुदा लिहायला बसलो. पहिल्या दोन खेपांना फार लांबला, तिसऱ्यात 'आम्ही खाली सही करणारे' पर्यंत जमलं. सह्या घ्यायच्या तर माणसं गावात हवीत. ती येणार उन्हाळ्यात. मधल्या काळात तिनं आजीचा अंगठा घेऊन ठेवलाय.